माणूस दीड फेरी आधी आला

आमच्या आत्याला तिच्या कामावर सगळे गुंजबाई म्हणतात. गुंज म्हणजे सोनाराच्या तराजूतला लालकाळा दाणा. तेवढाही फरक आत्याला खपत नाही. घरी चहात साखर घालताना चमचा सपाट करून घेते. आतोबा, म्हणजे तिचा नवरा, शिंपी. तो म्हणतो, "मी अर्धा बोट कापड इकडंतिकडं झालं तर शिलाईत दाबतो. हिच्या धंद्यात दाबायला शिलाईच नाही."

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याच्या पलीकडे, तिची प्रयोगशाळा. सव्वीस वर्षं तिथं आत्याने लोकांचं रक्त, लघवी आणि आणखी जे जे काही बाटलीत मावतं ते तपासलं. नोकरीचा विषय निघाला की आमची आजी तोंडाला पदर लावायची. मग साथ आली. जगातली माणसं तोंड झाकून घरात बसली आणि आत्या नाकातल्या शेंबडाची तज्ज्ञ झाली.

तिचं काम एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं. नाकात काडी फिरवायची, ती गुलाबी पाण्याच्या नळीत बुडवायची, झाकण घट्ट. ती नळी आत्याकडे. त्यातला थेंबभर अर्क काढून ती यंत्रात घालते. यंत्र एक फेरी मारतं आणि विषाणूचा माल दुप्पट करतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अशा चाळीस फेऱ्या. माल पुरेसा झाला की पडद्यावर एक रेघ जमीन सोडून उठते. ज्याच्या नाकात विषाणू बक्कळ, त्याची रेघ पंधराव्या-सोळाव्या फेरीलाच उठते. ज्याच्या नाकात चार-दोन चुकार उरलेत, त्याची पस्तिसाव्या फेरीला, तीही आळस देत. म्हणजे आकडा लहान तितका विषाणू जास्त. हे उलटं गणित आतोबाला समजायला दोन महिने लागले. समजलं त्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं, "बायकोकडे कमी मार्क पडले की माणूस मेला समजा."

साथीला वर्ष उलटलं आणि विषाणूने कात टाकली. नवा प्रकार आला. जुना एका घरात दोघांना धरायचा, नवा मांजरासकट सगळ्यांना धरतो असं लोक म्हणायला लागले. पण लोक काय, काहीही म्हणतात. खरा प्रश्न असा होता, की नव्या प्रकाराच्या रोग्याच्या नाकात विषाणू खरोखर जास्त असतो का, आणि असला तर कितीपट? शहराच्या आरोग्य समितीला हे हवं होतं. रोग्याला खोलीत किती दिवस कोंडायचं, आणखी एका शाळेत रोग्यांसाठी खाटा टाकायच्या की नाही, सगळं त्यावर अडलेलं.

प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी ते काम आत्यावर टाकलं आणि वर एक वाक्यही टाकलं. "गुंजबाई, या अहवालावर तुमचं नाव येणार. खाली आभारात नाही. वर, माझ्या शेजारी."

आत्याचं नाव आजवर फक्त दुसऱ्यांच्या लघवीखाली आलेलं. तेही सही म्हणून, आणि सही वाचता येत नाही. ती घरी आली तेव्हा चप्पल एक आत, एक बाहेर. आतोबाने मशीन थांबवलं. "छापील?" "छापील." "पूर्ण नाव?" "माहेरचं की सासरचं ते विचारलंय." "मग काय सांगितलंस?" "उद्या सांगते म्हटलं. आज दोन्ही लिहून बघते, कोणतं बरं दिसतं." त्या दिवसापासून आतोबाच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मापाबरोबर ही बातमी फुकट.

आता आत्या कामाला लागली ती अशी, की घोडं काय दौडेल. चौकात गप्पा ठोकणाऱ्या माणसासारखी ती सरसकट जुने एका बाजूला, नवे एका बाजूला करून मोकळी झाली नाही. तिचा जोडीदार तपासनीस होता, सगळे त्याला घाईबुवा म्हणतात, कारण तो जेवताना पुढचा घास हातात धरून बसतो. तो म्हणाला, "दोन ढीग कर, सरासरी काढ, संपलं."

"अरे, दोन महिन्यांचं वासरू आणि वर्षाचा गोऱ्हा शेजारी बांधून उंची मोजतोस काय? दुखणं सुरू झाल्यापासून रोगी कितव्या दिवशी आला ते बघायला नको? तिसऱ्या दिवशी नाक भरलेलं असतं, नवव्या दिवशी ओस."

कागदावर दिवस लिहिलेलेच नव्हते. मग आत्याने फोन उचलला. एकशे साठ जणांना केला. सगळे रोगी बरे झालेले, त्यामुळे बोलायला भलते हुशार. एक गृहस्थ म्हणाले, "ताप ना? मेहुणी राहायला आली त्या दिवशी आला." "वार कोणता?" "शुक्रवार. तो वार मी जन्मात विसरणार नाही." एका बाईने पलीकडून नवऱ्याला हाक मारली, "अहो, मला वास यायचा बंद कधी झाला?" नवरा म्हणाला, "मला विचारू नकोस, माझं जेवण करपलं त्या दिवशी झाला असेल." आत्या सगळं मन लावून लिहून घ्यायची. एकाने तिला लग्नाचं विचारलं. तिने त्याच्यापुढे लिहिलं, 'चौथा दिवस, तब्येत उत्तम.'

अशा रीतीने तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासलेले चव्वेचाळीस जुने आणि चव्वेचाळीस नवे, वयाने जवळपास सारखे, असे दोन कळप तयार झाले. आकडे मांडले. जुन्यांची सरासरी तेवीस. नव्यांची एकोणीस.

चार फेऱ्यांचा फरक. दोन, चार, आठ, सोळा. सोळापट!

घाईबुवाने स्टुलावरून उडी मारली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बेरीज केली, मग आत्याला मिठी मारली, मग अंतर राखायचं असतं हे आठवून दोघी एकमेकींपासून ढकलल्यासारख्या लांब झाल्या. समितीच्या अध्यक्षांना बाईंनी फोनवर सांगूनही टाकलं, "सोळापट निघतंय." उद्या पाच वाजता समितीपुढे मांडायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आत्या शेवटची नजर टाकायला बसली. कारण नव्हतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावल्यावरही एकदा दाबून बघणारी बाई ती. आणि तिथं माशी शिंकली.

यंत्र विषाणूबरोबर आणखी एक गोष्ट मोजतं. माणसाची स्वतःची खूण. नाकात काडी फिरवली की त्यावर माणसाच्या पेशी येतातच. त्यांची वेगळी रेघ उठते. ती उठली म्हणजे काडी खरोखर नाकात गेली होती, हवेत फिरवून आणली नाही, एवढंच समजायचं. सगळे तपासनीस ती फक्त उठली का बघतात आणि बरोबरची खूण करतात. कितव्या फेरीला उठली, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. दारावर चौकीदार आहे का बघतो आपण, त्याची उंची कोण विचारतो?

आत्याने त्या दिवशी चौकीदाराची उंची विचारली. जुन्या कळपात माणसाची रेघ सरासरी सत्तावीसला. नव्या कळपात साडेपंचवीसच्या किंचित खाली.

ती घाईबुवाकडे वळली. "हे बघ. माणूस दीड फेरी आधी आला."

"कोण आला?"

"माणूस. नव्या प्रकाराच्या रोग्यांमध्ये माणूससुद्धा जास्त आहे. तिप्पट."

घाईबुवा पडद्याकडे वाकला. "म्हणजे नव्या विषाणूने माणसं वाढतात?"

"विषाणू वाढला तर समजते मी. माणूस कसा वाढला? नाक तेच, काडी तीच, शेंबूड तोच."

"गुंजबाई," घाईबुवा हळूच म्हणाला, "तो रकाना कोणी बघत नाही. समितीत तर कोणाला असा रकाना असतो हेही माहीत नाही. पाच वाजता सोळा सांगा आणि चहा प्या."

"आणि उद्या कोणी बघितला म्हणजे?"

"कोण बघणार?"

"मी बघितला ना."

तिच्या कानशिलांत ठोके पडत होते. भीतीचे कमी, शिकारीचे जास्त. दोन्ही माल एकदम वाढला म्हणजे लबाडी विषाणूची नाही, पाण्याची. तोच गूळ कमी पाण्यात विरघळला तर गोड जास्त लागणारच. ती फ्रीझरकडे धावली. हातमोजे चढवून जुन्या कळपातली एक नळी आणि नव्यातली एक काढली, शेजारीशेजारी धरल्या. झाकण तेच निळं, कागद तोच. पण जुनीच्या तळात तीन मापं पाणी. नवीच्या तळात एक.

तिथून भांडारात. भांडारवाला हा आमच्या आत्याचा जुना वैरी, रोज नव्या विषयावर भांडायचा. खोक्यांच्या भिंतीमागून तो म्हणाला, "आज काय कमी पडलं?"

"पाणी. नळ्या कधी बदलल्या?"

"टंचाई झाली तेव्हा. मोठ्या मिळेनात, बारक्या आल्या. तपासल्याशिवाय मी घेतल्या नाहीत बरं का." त्याने वही उघडून बोट ठेवलं. "तारीख बघा."

तारीख नव्या प्रकाराची पहिली लागण सापडली त्याच पंधरवड्यातली. जुन्या नळ्या जुन्या विषाणूबरोबर संपल्या होत्या, नव्या नळ्या आणि नवा विषाणू हातात हात घालून आत आले होते. तारखेशेजारी शेरा होता, 'गळत नाहीत. निर्जंतुक. चालतील.' त्याखाली सही. ती वाचता येत नव्हती, म्हणजे आत्याचीच.

आत्या एका खोक्यावर बसली. आठवलं तिला. त्या दिवशी सहाशे नमुने आले होते, दारात नळ्यांसाठी माणूस उभा. तिने दहा नळ्या उलट्या करून बघितल्या, गळल्या नाहीत. आत पाणी किती, हे बघितलंच नाही. सहीच्या वेळी हात घाईबुवाचा झाला होता तिचा.

"काय झालं, बाई?" भांडारवाला पहिल्यांदाच भांडणाचा सूर सोडून म्हणाला. "पाणी देऊ?"

"पाणीच तर नाही दिलं नळीवाल्यांनी," आत्या म्हणाली आणि उठली. मनात हिशेब चालू होता. नाव वर छापून येणार होतं. आता चूक बाहेर काढायची तर ती चूकही तिचीच. अहवाल समितीने फेकला तर नावही गेलं, आणि सव्वीस वर्षांत मिळवलेलं 'गुंजबाई' हे नावही गेलं. लोक म्हणतील, गुंज तोलली आणि शेर विसरली.

ती सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बाई भाषणाची तालीम करत होत्या.

"सोळापट खोटं आहे," आत्या म्हणाली. "त्यातली तिप्पट माझी आहे."

बाईंनी ऐकलं. वही बघितली, दोन नळ्या उजेडात धरून बघितल्या. कपाळावर हात मारला. "अध्यक्षांना मी सांगून बसलेय हो! आता काय तोंड दाखवू?"

"तोंडावर मुखपट्टी आहे, तुम्ही काळजी करू नका."

बाईंना हसू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "मग वजाबाकी करू. चारातून दीड फेरी गेली, उरले अडीच. पाच-सहापट. तेच सांगते."

"वजाबाकी कागदावर कोणीही करेल. नळीमुळेच झालं हे तरी आपल्याला कुठं ठाऊक आहे? मला अंदाज आलाय, पुरावा नाही. नव्या नमुन्यांत मोजून दोन भाग पाणी घालते. दोन्ही कळप एकत्र वितळवते आणि एकाच खळग्याखळग्यांच्या ताटात, एकाच यंत्रात पुन्हा पळवते. माणसाच्या रेघा एका जागी आल्या तर नळी गुन्हेगार. नाही आल्या तर पाच वाजता समितीपुढे मी उभी राहते, आम्हाला काही कळलेलं नाही म्हणून सांगते."

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेदहा. "होईल?"

"घाईबुवा कशाला ठेवलाय?"

आणि खरंच, त्या माणसाच्या घाईचं त्या दिवशी सोनं झालं. आत्या मोजायची, तो भरायचा. नव्यांत एक भाग नमुना, दोन भाग तेच गुलाबी पाणी, ढवळ, पुढची. जुन्या तशाच, एकूण अठ्ठ्याऐंशी नळ्या. आत्याचा हात यंत्रासारखा चाललेला आणि तोंडही. "ते पिपेटचं टोक बदल. बदललंस? दाखव. फेकलेलं दाखव." "बाई, मी काय लबाड आहे?" "तू घाईत आहेस. लबाड परवडला." जेवणाचे डबे तसेच राहिले. भांडारवाला दोनदा दारात डोकावून गेला आणि न मागता टोकांचं खोकं ठेवून गेला.

सव्वादोनला ताट यंत्रात सरकलं. झाकण बंद. आता दीड तास हात बांधून बसायचं.

कोण बसतं? पडद्यापुढे सगळे गोळा झाले. डॉक्टरीणबाई, घाईबुवा, भांडारवाला, खालच्या मजल्यावरचा क्ष-किरणवाला, त्याला काहीच कळत नव्हतं पण गर्दी दिसली म्हणून आला. रेघा जमिनीवर झोपलेल्या. दहावी फेरी. बारावी. चौदावी.

"उठली!" क्ष-किरणवाला ओरडला.

"लाल. नव्या कळपातली," आत्या म्हणाली. "शर्यत आत्ता सुरू झाली."

सतराव्या-अठराव्याला लाल रेघा एकामागून एक उठायला लागल्या, पेरलेलं उगवावं तशा. घाईबुवा मोजत होता. "सात... अकरा... निळ्या झोपल्यात अजून! बाई, निळ्या झोपल्यात!" मग निळ्याही उठल्या, पण मागून. विसावी, एकविसावी, बाविसावी. लाल पुढे, निळ्या मागे, हे अंतर डोळ्यांना दिसत होतं. भांडारवाला निळ्यांच्या बाजूचा झाला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. "चला रे, चला!" करत होता.

"नवा पुढेच आहे!" बाई म्हणाल्या.

"थांबा," आत्या म्हणाली. "ही निम्मी शर्यत. माणूस यायचाय."

चोविसावी. पंचविसावी. सकाळच्या हिशेबाने नव्या कळपातला माणूस आता यायला हवा होता. पडद्याच्या तळाशी हिरव्या आणि पिवळ्या रेघा, हिरव्या जुन्यांच्या, पिवळ्या नव्यांच्या. एक पिवळी उठली. आत्याने टेबलाची कड धरली. लगेच एक हिरवी उठली. मग पिवळी, हिरवी, हिरवी, पिवळी, आणि सव्विसाव्या-सत्ताविसाव्याला सगळा घोळकाच्या घोळका उठला, हिरव्यात पिवळं मिसळलेलं, वेगळं काढता येईना असं. एकाच वर्गातली पोरं घंटा झाल्यावर दारातून सुटतात तसं.

"आले! एकदम आले!" आत्या ओरडली. सव्वीस वर्षांत तिचा आवाज धुलाईखान्यापर्यंत पहिल्यांदा गेला. घाईबुवाने क्ष-किरणवाल्याला मिठी मारली, त्याने विचारलं, "कोण जिंकलं?" कोणी सांगायच्या मनःस्थितीत नव्हतं.

आकडे आले. माणूस दोन्हीकडे सत्तावीस, वरखाली दशांशात. विषाणू जुन्यांत तेवीसच्या जरा वर, नव्यांत एकविसाच्या जरा खाली. फरक दोन पूर्णांक चार फेऱ्या. पाचपट. सोळापट नाही, पण पाचपट पक्कं. हलवून बघितलं तरी न हलणारं.

पाच वाजता डॉक्टरीणबाईंनी मांडणी केली. आत्या मागच्या रांगेत. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर, पाहुणा यायचा म्हणून मोठं भांडं चढवलं आणि तो जेवून आलेला निघाला, अशी कळा.

"काल तुम्ही सोळा म्हणाला होता," ते म्हणाले. "आज पाच. उद्या किती?"

बाईंनी मागे बघितलं. आत्या उभी राहिली. तिच्या हातात दोन नळ्या होत्या.

"साहेब, उद्याही पाच. काल सोळा होते कारण या बारक्या नळ्या मी पास केल्या आणि आतलं पाणी मोजलं नाही. चूक माझी, सही माझी. तीच चूक आज पाण्यात उतरून मोजून काढली. पाचपट विषाणू उरला तो रोग्याचा, नळीचा नाही."

मग एक सदस्य, जाड भिंगांचा चष्मा घातलेले, म्हणाले, "पण हे कळलं कसं?"

"माणूस दीड फेरी आधी आला, त्यावरून."

मग ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. चाळीस मिनिटं. अध्यक्षांनी दोन्ही नळ्या मागून घेतल्या, खिडकीशी नेल्या, हलवल्या, परत बघितल्या. समितीने खाटांची दुसरी शाळा उघडायची नाही असं ठरवलं, पण घरात कोंडायचे दिवस वाढवले. आणि शहरातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी माणसाच्या रेघेपुढे नुसती खूण न करता आकडा लिहायचा, असा हुकूम काढला. पुढच्या आठवडाभरात तीन प्रयोगशाळांचे फोन आले. तिघांच्याही नळ्या बारक्या होत्या.

अहवाल लिहायला बसल्यावर बाई म्हणाल्या, "नळ्यांचं एका ओळीत आटपू. कोणी पास केल्या ते कशाला?"

"लिहा," आत्या म्हणाली. "नाव वर घालताय तर चूक कोणाची तेही कळू द्या. नाहीतर लोक तुमच्यावर घालतील. आणि घाईबुवाचंही नाव घाला. अठ्ठ्याऐंशी नळ्यांत एक सांडली नाही त्याने."

अहवाल आला तेव्हा आतोबाने दुकानात गिऱ्हाईक असतानाच तो उघडला. नाव वर, बाईंच्या शेजारी, सासरचं. तिसऱ्या पानावर नळ्यांची गोष्ट, कोणी पास केल्या त्यासकट. आतोबाने ते दोनदा वाचलं.

"हे कशाला घातलं गं?" तो म्हणाला. "आता दुकानात हे तिसरं पान कसं दाखवू लोकांना?"

"पहिलं दाखव," आत्या म्हणाली. "तिसरं मी दाखवते." आणि खुर्ची ओढून गिऱ्हाइकाशेजारी बसली. गिऱ्हाईक पँटची उंची कमी करून घ्यायला आलं होतं. ते अंधार पडेपर्यंत गेलं नाही.